उत्तर नाही आलं तर

मॅडमना प्रश्न आवडत नसत. कामाला लागले त्याच आठवड्यात मला हे कळलं.

"प्रश्न विचारायला मी माणूस ठेवलेला नाही," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "प्रश्न विचारायला गिऱ्हाइकं आहेत की, रोजची, रांग लावून."

मॅडम लोकांची घरं आतून सजवून देत. ओटे, कपाटं, दिवे, पडदे. मी त्यांची व्हर्च्युअल असिस्टंट. त्यांची वेळ सांभाळायची, सुताराला आठवण करायची, रुसलेल्या गिऱ्हाइकाची समजूत काढायची, बोलून पाठवलेले निरोप नीट लिहून पुढे धाडायचे. हे सगळं माझ्या घरातून, मुलगी मांडीवर आणि लॅपटॉप उशीवर. मॅडमना मी कधीच पाहिलेलं नव्हतं. माझा नवरा म्हणायचा, "तुझी नोकरी भुतासारखी आहे. काम होतं, माणूस दिसत नाही."

तर प्रश्न नकोत म्हणून मी एक पद्धत काढली. काही ठरवायचं असलं की दोन पर्याय लिहायचे, मला बरा वाटतो तो आधी, आणि खाली एक ओळ: 'संध्याकाळपर्यंत उत्तर नाही आलं तर पहिला पर्याय पक्का समजते.' मॅडम बेहद्द खूश झाल्या. उत्तर द्यायची कटकटच गेली. गप्प बसलं की काम पुढे सरकायचं. आमच्या धंद्यातल्या नव्या मुली मला विचारत, गिऱ्हाईक इतकं टिकतं कसं तुझ्याकडे? मी सांगायचे, त्यांच्या डोक्यावरचं ओझं त्यांना कळायच्या आत उचला. वाईट बातमी एकटी पाठवू नका, तिच्यासोबत उपायही पाठवा. आणि दिवस संपला की निरोप द्या, न चुकता, काही घडलं नसलं तरी. माझा तो निरोप तर फोनच ठरल्या वेळी आपोआप पाठवायचा: 'आज सगळं सुरळीत. काळजी नसावी.' काही वेगळं घडलं तरच मी तो बदलायचे.

आणि आवाज. गिऱ्हाइकाच्या आवाजात लिहिता आलं पाहिजे. मॅडम कुठे ठसक्यात बोलतात, कुठे 'बरं का' म्हणतात, कुठे नुसतं 'हं' करून सोडून देतात, ते मी असं उचललं की सुतारालाही फरक कळेना. मॅडमच्या ते लक्षात आलं, आणि त्यांनी मला आणखी एक काम दिलं.

त्यांना एक मोठी बहीण होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला, मॅडमसारखीच एकटी राहायची, गुडघ्यांनी बेजार. रोज सकाळी ती मॅडमना लिहायची: 'उठलीस का गं चिंगे?' मग स्वप्न काय पडलं, शेजारणीचं मांजर कुठे अडकलं, तू जेवतेस ना वेळेवर.

"जीव आहे गं माझा तिच्यावर," मॅडम म्हणाल्या, "पण सकाळी सकाळी मांजर ऐकायचं त्राण नाही माझ्यात. माझा जुना नंबर तुझ्या फोनवर चालू करून देते. ताईला मी तोच दिलाय. तू उत्तर देत जा. गोड. आणि हे बघ, तिला घरी येऊ द्यायचं नाही. आली की कपाटं आवरत बसते."

मी हो म्हटलं. आमच्या कामात 'नाही'ला जागाच नसते. 'नाही'च्या जागी 'असं करूया का' असतं.

मग रोज सकाळी, बबडीला दूध पाजता पाजता, मी चिंगी व्हायचे, तोंडाने पुटपुटत लिहायचे. 'उठले गं ताई. आत्ताच चहा टाकला.' माझी आई लवकर गेली, बहीण तर नव्हतीच. कुणी मला तू जेवलीस का विचारावं आणि ते मनापासून विचारावं, हे किती दिवसांत घडलं नव्हतं. मी मांजराची चौकशी करायला लागले. गुडघ्याला कोमट तेल लावलंस का विचारायला लागले. एकदा ताईंनी लिहिलं, 'हल्ली तू किती मऊ बोलतेस गं. लहानपणी तापात बोलायचीस तशी.' ते वाचून मी फोन पालथा घातला आणि बबडीच्या मानेत तोंड खुपसून बसले. चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं होतं, आणि बरंही.

त्या शुक्रवारी सकाळी मॅडमचा बोललेला निरोप आला. मी तो नेहमीसारखा दीडपट वेगाने ऐकला. माणसं बोलताना अडखळतात, अं अं करतात, एकच शब्द दोनदा म्हणतात. ते सगळं चाळून टाकायचं आणि स्वच्छ वाक्य ठेवायचं, हे माझं काम. बबडी दात येतात म्हणून किरकिर करत होती. मला त्यातून कळलं ते एवढंच की नव्या गिऱ्हाइकाच्या ओट्याखालच्या कपाटांना निळा रंग हवाय. मी लिहिलं: 'कपाटांसाठी निळा. पर्याय एक गडद, पर्याय दोन आकाशी. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही आलं तर गडद पक्का समजते.'

उत्तर आलं नाही. वाचल्याची खूण मॅडमनी मुद्दाम बंद ठेवलेली, त्यामुळे वाचलं की नाही तेही कळायचं नाही. पण त्या कामाच्या जागी गेल्या की दिवसदिवस गप्प असत. त्यात विशेष काही नव्हतं. मी दोन भेटी पुढे ढकलल्या, एका गिऱ्हाइकाची माफी मागितली, पडदेवाल्याला गोड दम दिला. गडद निळा पक्का झाला.

संध्याकाळी ताईंचं आलं: 'चिंगे, उद्या येऊ का गं? उगाच तुझी आठवण येतेय. सकाळपासून जिवाला चैन नाही.'

मला ठाऊक होतं काय लिहायचं ते. 'नको गं, गुडघ्यांना त्रास होईल. पुढच्या आठवड्यात मीच येते. मग मला तो तुझा मऊ शिरा करून घाल.' मॅडम शिरा खायच्या की नाही, देव जाणे. मला हवा होता.

'बरं बाई,' ताईंनी लिहिलं. 'तू म्हणतेस तर.'

शनिवारी सुताराचा फोन आला. हा सुतार म्हणजे तोंडाचा पट्टा. हात चालोत न चालोत, जीभ चालते.

"अहो, सनमायकाचे निळे पत्रे आणलेत कपाटांना चिकटवायला. पण एक विचारू का? मॅडम स्वतः म्हणाल्या निळा?"

"हो. का?"

"नाही, पाच घरं केली मी त्यांच्यासोबत. निळा म्हटलं की अंगावर येतात. एका माणसाने निळी गादी मागितली तर म्हणाल्या, मग माझ्याऐवजी रंगारी बोलवा." तो हसला. "पण माणूस सुधारतो म्हणा. कालपासून फोन नाही, ओरडा नाही, कुठे मेलास म्हणून चौकशी नाही. मी बायकोला म्हटलं, मॅडम देवमाणूस झाल्या."

मीही हसले. "तुम्ही चिकटवा. त्यांनी सांगितलंय."

फोन ठेवला, आणि हसू ओठांवरच वाळून गेलं. नव्या घरातला पहिला पत्रा चिकटवायचाय आणि मॅडमनी सुताराला एकदाही झापलं नाही?

मी स्वतःला समजावलं. लॅपटॉप ओढला, सोमवारच्या भेटीची तयारी करायला लागले. पडदेवाल्याचं, दिवेवाल्याचं, सगळं वेळेवर होतं. मॅडमविना इतकं सुरेख चाललेलं काम मी कधी पाहिलं नव्हतं. कुणाची तक्रार नाही. सगळे खूश.

मग माझ्या लक्षात आलं की घरात आवाज नाही.

आई झाल्यावर हे आपोआप शिकतो आपण. बाळ रडतंय तोवर ठीक असतं. आदळआपट चालू आहे तोवर ठीक. बाळ गप्प झालं की उठून धावायचं. मी धावले. बबडी पलंगाच्या पलीकडे, भिंतीला टेकून, अगदी शहाण्यासारखी बसली होती. गाल फुगलेला. मी बोट घालून बटण बाहेर काढलं, नवऱ्याच्या सदऱ्याचं, आणि तिने जो सूर लावला तो ऐकून माझा जीव भांड्यात पडला. तिला छातीशी घट्ट धरून मी तिथेच जमिनीवर बसले. "गप्प नको बसू गं," मी म्हणत होते. "रड. ओरड. गप्प नको बसू."

आणि ते बोलता बोलताच मला मॅडम आठवल्या, कालपासून गप्प असलेल्या.

मी शुक्रवारचा निरोप काढला. या वेळी साध्या वेगाने लावला.

दीडपट वेगात जे अडखळणं वाटलं होतं, ते अडखळणं नव्हतं. ती शांतता होती. लांब. त्यात घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग मॅडमचा आवाज, पण जिभेवर काही जड ठेवल्यासारखा. "हे... हे बघ. निळं. त्याला... निळं सांग. सांग. निळं..." परत शांतता. मग काहीतरी घासत जावं तसा आवाज. मग भांडं पडल्याचा. आणि त्यानंतरही निरोप चालूच होता, कारण बंद करायला कुणी बोट लावलं नव्हतं. नुसता श्वास. मी तो भाग तेव्हा ऐकलाच नव्हता. काम संपलं म्हणून निरोपही संपला असं धरून पुढे गेले होते.

बबडी रडायचं थांबवून माझ्या तोंडाकडे बघत होती.

मॅडमना फोन करायचा नाही, लिहायचं, असा आमचा करार. मी फोन केला. वाजत राहिला. परत केला. वाजत राहिला. मग राहिली एकच व्यक्ती, जिच्याकडे मॅडमच्या घराची दुसरी किल्ली होती. तिने स्वतःच लिहिलं होतं कधीतरी: 'तुझी किल्ली मी देवाजवळ ठेवते, म्हणजे रोज हाताला लागते.'

गिऱ्हाइकाचं ते गिऱ्हाइकापाशी. हा तर कामाचा पहिला नियम. तो मोडला की नुसती ही नोकरी जात नाही, पुढच्याही जातात. तो विचार माझ्या मनात आला, नाही असं नाही. फार वेळ थांबला नाही, एवढंच.

मी जुन्या नंबरवरून ताईंना फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"अगं बाई! चिंगे!" असा आनंद की माझे डोळेच मिटले. "सूर्य कुठे उगवला आज? तुझा आवाज ऐकून किती... बोल गं. बोल की."

"ताई," मी म्हटलं.



"कोण बोलतंय?"

"मी चिंगी नाही. मी त्यांचं काम करते. लिहायचं काम. तुमची किल्ली घेऊन आत्ताच्या आत्ता त्यांच्या घरी जा. त्यांना बरं नाहीये असं मला वाटतं. कालपासून."

"कालपासून कसं? काल संध्याकाळी तर तिने मला..." ताई थांबल्या. फार शांतपणे त्यांनी विचारलं, "शिरा कुणाला हवा होता?"

"मला."

सपाता ओढल्याचा आवाज आला, किल्लीचा, मग दाराचा. "फोन ठेवू नका," त्या म्हणाल्या. अहो-जाहो. रोजच्या 'अगं'नंतर ते मला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

मी दुसऱ्या फोनवरून रुग्णवाहिकेला पत्ता सांगितला. पत्ता मला तोंडपाठ होता. कितीतरी पार्सलं मीच पाठवली होती तिथे. मग ताईंच्या सोबत बसून राहिले, कानाला फोन, मांडीवर बबडी. टॅक्सीचा भोंगा. ताई ड्रायव्हरला म्हणत होत्या, "बाबा, चल रे, चल." मध्येच मला म्हणाल्या, "गुडघ्याला तेल लावायला सांगायचीस ती तूच?"

"हो."

"फरक पडला त्याने," त्या म्हणाल्या.

लिफ्टचं दार. धाप. किल्ली कुलपाशी खडखडत होती. बाहेरचा उजेड तांबूस झाला होता. माझ्या खिडकीतला, आणि तिथलाही असेल.

"आत काहीतरी वाजलं," ताई एकदम म्हणाल्या. आवाजात जीव आला होता. "फोन वाजला तिचा. म्हणजे आहे ती! ऐकलंस? आहे गं!"

मी ऐकलं होतं. ठरल्या वेळी माझा निरोप गेला होता. आज सगळं सुरळीत. काळजी नसावी.

कुलूप उघडलं. चार पावलं ऐकू आली, मग एक हाक, तीही अर्धी, आणि ताईंचा फोन जमिनीवर आपटला.

मॅडम वाचल्या. ओट्याशी पडलेल्या होत्या, उजवी बाजू गेलेली. आणखी एक रात्र गेली असती तर वाचल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले. शनिवारचा दिवस मी आदल्या संध्याकाळी गोड शब्दांत ताईंकडून काढून घेतला नसता तर आणखी बरं झालं असतं, असं ते म्हणाले नाहीत. ते मीच मला म्हणते. निळ्याचं मी रुग्णालयात फोन करून नर्सला विचारलं. डॉक्टरांनी ताईंना सांगितलं होतं की अशा वेळी हवा असतो तो शब्द आणि बाहेर पडतो तो शब्द यांचा संबंध असतोच असं नाही. पाणी म्हणायचं असेल, दार म्हणायचं असेल. सुताराने निळे पत्रे चिकटवून टाकले. गिऱ्हाइकाला फार आवडले म्हणे.

मॅडम आता डोळ्यांनी ओळखतात. बोलत नाहीत. बोलतील की नाही, कुणी सांगत नाही. त्यांचा फोन ताईंकडे असतो. ताईंनी त्यातलं सगळं वाचलंय, माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनचं. मला वाटलं होतं आता शिव्या येतील, पोलीस येतील. मी वाट बघत होते. नवरा म्हणाला, "नंबर बंद करून टाक ना. कशाला ठेवलायस?" मी हो म्हटलं आणि केला नाही.

काल दुपारी त्याच जुन्या नंबरवर ताईंचं आलं.

'रागवायला माझ्यात त्राण नाही. दिवसभर मी तिच्याशी बोलते, ती बघत राहते. घरी आले की घर खायला उठतं. मला ठाऊक आहे तू ती नाहीस. पण तुझ्यासारखं ती कधी बोललीच नव्हती, आणि आता कुणीच बोलत नाही. उद्या सकाळपासून मी पुन्हा लिहीन. तू तिच्यासारखंच उत्तर देत जा. पहिल्यासारखं. दुसरा पर्याय मला सुचत नाही. संध्याकाळपर्यंत तुझं उत्तर नाही आलं तर पक्कं समजते.'

शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. शब्दाला शब्द माझी होती.

नाही म्हणायचं, हे मी लगेच ठरवलं. कसं म्हणायचं ते ठरेना. 'नाही ताई' लिहिलं, खोडलं. 'मी माझ्या नावाने लिहीन, चालेल का' लिहिलं. तो प्रश्न झाला, खोडला. एक बाई रुग्णालयात तोंड मिटून पडलेली आणि तिच्या जागी मी चहा टाकल्याचं सांगणार? तिच्या बहिणीला, तिच्याच आवाजात? मग तिच्या बोलण्याची वाट तरी कोण बघणार? बबडीला भूक लागली. मग तिला अंघोळ. मग ती झोपेना. खिडकीतला उजेड तांबूस झाला, मग राखाडी. फोन उशीखाली होता. मी तो बाहेर काढला नाही.

आज सकाळी बबडी माझ्या आधी उठली. पाळण्यात उभी राहून ती पहिल्यांदाच नीट काहीतरी म्हणाली. आई नाही, बाबा नाही. "ताई," म्हणाली. आणि हसली. रोज दूध पिताना माझ्या तोंडून ऐकून ऐकून.

मी तिला उचलून घेतलं. उशीखाली फोन थरथरला.

'उठलीस का गं चिंगे?'

पडद्याच्या फटीतून ऊन आलं होतं. बबडी दूध पीत होती, एक डोळा माझ्यावर ठेवून. मी त्या ओळीकडे बघत बसले, आणि मनात नाही म्हणायची वाक्यं जुळवत होते, मऊ, कुणी दुखावणार नाही अशी. ती जुळायच्या आतच माझ्या अंगठ्याने 'उठले गं ताई' लिहून पाठवूनही टाकलं होतं.